माणसं टिकवणाऱ्या सिस्टर

आमच्या गल्लीतल्या सुष्मिताला कामाची आवड आहे, हे तिच्या दवाखान्याच्या मालकांना कळलं आणि तिचे हाल सुरू झाले.

सुष्मिता मूळची नेसरीकडची. लग्न होऊन शेजारी आली तशी मला अक्का म्हणू लागली. राजारामपुरीतल्या एका खासगी दवाखान्यात ती नर्स. हात इतका हलका की पोरं सुई बघून आधीच रडून घ्यायची, आणि टोचून झाल्यावर "कधी टोचणार?" म्हणून विचारायची. म्हातारीची वेणी घाल, कुणाला दुधात भाकरी कुस्करून भरव, हे तिला कुणी सांगितलेलं नसे. मी ज्या मनानं देवाला फूल वाहते, त्याच मनानं ती सलाइन लावते. आमचे हे ॲडमिट होते तेव्हा मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

पण आवडीचा वास मालकांना लवकर लागतो. कुणी रजेवर गेलं, सुष्मिता. कुणाच्या नणंदेचं डोहाळजेवण, सुष्मिता. मालक म्हणजे विजयसिंह डॉक्टर. ते साखर पेरल्यासारखे म्हणायचे, तुम्हाला आवडतंच की सिस्टर, शेवटी ही सेवा आहे. ती थांबायची. सोमवारचं महादेवाला जाणं महिनोन्‌महिने राहून जायचं. सेवेचं म्हणाल तर आमची अंबाबाईसुद्धा शेजारतीनंतर दार लावून घेते, पण हे डॉक्टरांना कोण सांगणार?

तिच्याबरोबरच नोकरीला लागलेली मोना मात्र वेळ झाली की पर्स उचलून चालू लागे. मोनाला काम आवडत नव्हतं आणि नावडतही नव्हतं. दवाखान्यात सगळ्यांत समाधानी तीच.

नव्या पोरी यायच्या आणि हळदीकुंकवाला आल्यागत उठून जायच्या. म्हणून डॉक्टरांनी पुण्याहून व्याख्याते आणले. कामावर प्रेम असलं की माणूस नोकरी सोडत नाही, असा विषय. सगळ्या नर्सनी ऐकायला बसायचं होतं. मग वॉर्ड कोण बघणार? सुष्मिता. मोनानं मात्र व्याख्यान शेवटपर्यंत ऐकलं. बटाटेवडे चांगले होते म्हणाली.

त्यानंतर डॉक्टरांनी सुष्मिताला बढती दिली. वेगळी खोली, फिरती खुर्ची, दारावर पाटी. काम एकच, सोडून निघालेल्या पोरींना समजावून थांबवायचं. पेशंटला हात लावायचा नाही, त्यात वेळ जातो. गल्लीनं पेढे खाल्ले. मी देवीची ओटी भरून आले, आणि महिनाभरात देवीला काय तोंड दाखवू असं झालं.

"अक्का, दिवसभर नुसती बसतो," ती म्हणाली. "हात शिवशिवत्यात."

वॉर्डाच्या दारात ती उभी राहायची. आत नवी पोर शीर शोधताना चुकायची, आणि हिनं नुसतं बघायचं.

खुर्चीतलं काम मात्र तिनं चोख केलं. पोरी समोर बसून रडायच्या. काम आवडत नाही असं एकीनंही सांगितलं नाही. दुसरीची ड्युटी करता करता शेवटची बस चुकते, सख्ख्या बहिणीच्या हळदीला जाता आलं नाही, असलीच दुखणी. न्हाय म्हणायला शिका, एवढंच सुष्मिता सांगायची. पोरी शिकल्या आणि टिकल्या.

टिकवणारीचं मन मात्र उठलं. इचलकरंजीच्या एका लहान दवाखान्यानं तिला बोलावलं होतं. पगार कमी, पण काम वॉर्डातलं. रोजची एसटी अंगावर घ्यायचीही तिची तयारी होती. शेवटी तिनं राजीनामा लिहून डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांनी न बघताच तो परत सरकवला. राजीनामे तुमच्याकडं असतात सिस्टर, तुम्हीच समजावा पोरीला. मग खालचं नाव दिसलं आणि चष्मा निघाला.

पगार वाढवतो म्हणाले, खोलीत एसी बसवतो म्हणाले. तिनं एवढंच सांगितलं, मला वॉर्डात परत पाठवा, न्हायतर मी चालले. लोक म्हणतील बाईला खाली आणलं, ही डॉक्टरांची काळजी. म्हणू देत, हे तिचं उत्तर. आणि दुसऱ्याची ड्युटी यापुढं करणार नाही, हेही तिनं सांगून टाकलं.

डॉक्टर दुखावले. "मग ते समर्पण कुठं गेलं, सिस्टर?"

"हाय की सर. ड्युटी संपस्तोवर हाय."

ही गेली तर हिच्या शब्दावर थांबलेल्या पोरीही चालू लागतील, हा हिशेब डॉक्टरांना जमला. त्यांनी होकार दिला.

परवा ह्यांना तपासणीला घेऊन गेले होते. सुष्मिता ह्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत होती, पलीकडच्या खाटेवरच्या आजीला चिडवत होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "चांगली बाई होती हो. आता पहिल्यासारखी कामाची आवड राहिली नाही."

हळू म्हणजे कोल्हापुरी हळू. सगळ्या खोलीला ऐकू गेलं. हे गालातल्या गालात हसायला लागले.

"दाजी, हसू नका," सुष्मिता म्हणाली. "बीपी चुकतंय."