गेलेल्यांची साखर

मंदी आली तेव्हा आम्ही दुबईत अल क्वोजच्या लेबर कॅम्पात राहायचो, एका खोलीत आठजण. आम्ही बांधत होतो तो टॉवर अर्धाच राहिला आणि मालकाचं काम खलास. मग एकेकाच्या हातात परतीचं तिकीट.

कॅम्पात एक रीत होती. जाणाऱ्यानं आपला सुका माल मागं राहणाऱ्याला द्यायचा. बॅगेत साखर कोण नेणार? मग साखर, रवा, दूध पावडर, वनस्पती तुपाचे डबे असा सगळा माल हळूहळू माझ्या पलंगाखाली आला. मला कंपनीनं बंद साइटवर वॉचमन म्हणून ठेवलं होतं. हुशारीमुळं नाही हां. मला वाचता येत नाही, म्हणजे चोरी केली तरी काय चोरलं ते मलाच कळणार नाही, असं साहेबाला वाटलं असावं.

शेवटी गेले ते श्रीवर्धनचे चाचा, आमचे वेल्डर. बसमध्ये चढताना म्हणाले, "तूप टाकू नको रे. आमची आठवण काढून खा."

"चाचा, तुमची आठवण एवढी तेलकट?"

बसमधले सगळे हसले. बस गेली, आणि हसणं खोलीत राहिलं.

खरं सांगतो, मला त्यांचे आवाज यायचे. चाचांचा खोकला तर रोज. त्यांच्या रिकाम्या पलंगाकडं बघून मी विचारायचो, "पाणी देऊ?" मग उठून शिरा करायचो. आज चाचांचं तूप, उद्या खोलीतल्या नेपाळ्याची साखर. वर दुधाचा गोडमिट्ट करक चहा, दिवसभर. ज्याचा डबा उघडला तो शेजारी जेवायला बसलाय असं वाटायचं. पंगत सगळ्यांची, खाणारा मी एकटा.

पुढं तहान लागायला लागली. कितीही प्या, घसा कोरडाच. पँट कमरेवर राहीना. म्हटलं, दुबईच्या उन्हात तहान नाही लागणार तर काय थंडी वाजणार?

बायको फोनवर म्हणाली, "अहो, आवाज किती खोल गेलाय तुमचा. डॉक्टरला दाखवा."

"अगं, विजाचं मेडिकल पास झालंय माझं. इथलं सरकार फिट म्हणतंय, आणि तू मोठी डॉक्टरीण!"

आम्ही कॅम्पातले सगळे असंच धरून चालायचो. त्या मेडिकलमध्ये रक्त घेतात ते दुसऱ्या रोगांसाठी, साखर बघतच नाहीत, हे कुणाला ठाऊक?

एका सकाळी साइटच्या गेटवरच आडवा झालो. क्लिनिकमधल्या मल्याळी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला.

"खाते क्या हो?"

"हलवा, मॅडम."

"रोज?"

"नाश्ते में. खाने में. बीच में भूख लगे तो फिर हलवा."

त्या हसल्या नाहीत.

त्यांनी हिंदीत सावकाश समजावलं. पोटात, मागच्या बाजूला, इन्सुलिन बनवणाऱ्या बारीक पेशी असतात. रक्तात साखर चढली की त्यांना काम वाढतं. साखरेबरोबर चरबीही सतत चढलेली राहिली तर सुट्टीच नाही, आणि त्या दोघींमुळं पेशी आतून होरपळतात. काही थकून काम सोडतात, काही मरतात. मेलेल्या परत येत नाहीत म्हणाल्या. थकलेल्यांतल्या काही उठतात, साखर खाली आणली तर.

"मेरे कितने बचे?"

"अभी नहीं बता सकते. इंजेक्शन से उनको आराम देंगे, फिर देखेंगे."

उरलेला माल मी शेजारच्या कॅम्पात देऊन टाकला. मंदीनं खोली रिकामी केली होती, पोटातली पेशींची खोली मी केली, फुकटात. त्यानंतर चाचांचा खोकला ऐकू आला नाही. आता कान आतच लागलेले.

काही महिन्यांनी बाईंनी इंजेक्शनचा डोस कमी केला. बंद नाही केला. म्हणाल्या, "कुछ जागे हैं. सब नहीं." कोणते जागे, किती मेले, ते त्यांनाही सांगता येईना.

संध्याकाळी सुई घेतो, भाकरीचा पहिला घास तोंडात टाकतो आणि थांबतो. आत कुणी हललं का, बघतो.

"अहो, बोला की," बायको फोनवरून म्हणते. "गप्प का झालात?"

"जेवतोय," मी म्हणतो.