सहाच्या आत वाटी भरायची नाही

मांजर असलेल्या घरात किस्से गोळा करावे लागत नाहीत. मांजराच्या केसांसारखे ते आपोआप साठतात. उशीखाली सापडतात, डब्यामागे सापडतात, कधी चहात तरंगतात. आमच्या खोलीत तीन मुली आणि एक मांजर राहतं. तिघींचं कसं चाललंय हे कुणी विचारत नाही. पण कोपऱ्यावरचा रिक्षावाला रोज विचारतो, "ताई, आज कितीला उठवलं?"

आधी माणसं सांगते. जळगावच्या पिंप्राळ्यात नानांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. नाना म्हणजे घरमालक, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. हर्षाली पारोळ्याची, एका खासगी दवाखान्यात नर्स. जयश्री बोदवडची, बँकेच्या परीक्षा देते. मी धुळ्याची. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर मुलांसाठी पुस्तकं घेऊन जाते. पाड्यांच्या प्रश्नांवर मोर्चे काढते आणि प्रत्येक गोष्टीवर वाद घालते म्हणून नाना मला पुढारी म्हणतात. मांजराचं नाव भरीत. सापडलं तेव्हा ते हुबेहूब भाजलेल्या वांग्यासारखं दिसत होतं.

भरीत पहाटे साडेचारला उठायचं. मग आपण एकट्यानंच का उठावं, असा प्रश्न त्याला पडायचा. आधी छातीवर बसून टक लावून बघणार. मग पंज्यानं आपली पापणी उघडून आत कुणी आहे का ते तपासणार. तरी हललो नाही तर फळीवर चढून स्टीलचा पेला खाली ढकलणार. पेला आमच्या फरशीवर पडायचा आणि खाली नाना उठायचे.

*

एके दिवशी नाना जिना चढून वर आले.

"पोरी, ते मांजर शे का अलार्म शे?"

त्यांची मुलगी कविता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणार होती. सोबत तिचं बाळ. बाळाची झोप एकदम सावध, टाचणी पडली तरी उठणारं. नानांनी सरळ सांगितलं. आखाजीपर्यंत हा पहाटेचा गोंधळ बंद झाला तर ठीक, नाहीतर मांजर पोत्यात घालून पारोळ्याच्या बाजारात सोडून येणार.

आमच्याकडे ही पद्धतच आहे. नको असलेलं मांजर पोत्यात घालायचं, पोतं गरगर फिरवायचं म्हणजे त्याला दिशा कळत नाही, आणि लांबच्या गावाला सोडायचं. पाप लागत नाही म्हणे. मी म्हटलं, नाना, पाप त्या मांजराला विचारून ठरवलं होतं का? आणि भरीत गेलं तर आम्ही तिघीही जाऊ.

"जा ना," नाना म्हणाले. "पण तुम्हले इतलं मोठं पोतं कथाईन आनू?"

हर्षाली हसली. मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

*

रात्रभर मोबाइलवर वाचून मी धोरण ठरवलं. गोष्ट साधी होती. ते उठवतं, आपण उठतो, वाटी भरतो. म्हणजे उठवण्याचा पगार आपणच देतो. तेव्हा सहाचा अलार्म वाजेपर्यंत वाटी भरायची नाही. ओरडायचं नाही, हाकलायचं नाही, डोळेसुद्धा उघडायचे नाहीत. आपल्या झोपेवर आपला हक्क आहे. त्याच्यासाठी कुणापुढेही झुकायचं नाही, मग समोर मांजर का असेना.

पहिल्या पहाटे पेला पडला. मग झाकण पडलं. मग जयश्रीची कंपासपेटी. आम्ही तिघी प्रेतासारख्या पडून. भरीत माझ्या उशाशी बसून एका सुरात ओरडत होतं, न थकता, न चिडता, मागणी न बदलता.

अंधारात जयश्रीचा आवाज आला. "तुम्ही ऑफिसबाहेर घोषणा देता ना, तेव्हा आतला साहेब असाच पडून राहत असेल."

मी डोळे मिटूनच सांगितलं, की आमच्या मागण्या न्याय्य असतात.

"त्याचीपण न्याय्य आहे. भूक लागली त्याला."

*

मग उन्हाळा तापला आणि सगळं पिंप्राळं झोपायला गच्चीवर गेलं. आम्ही खूश. गच्चीवर फळी नाही, पेला नाही, पाडायला काही नाही. आणि खरंच पहाटे आम्हाला कुणी उठवलं नाही.

शेजारच्या गच्चीवरून आरडाओरडा झाला तेव्हाच जाग आली. शेजारच्या आबांना अटॅक आला होता. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय, श्वास घेता येत नाही, असं म्हणत ते घामाघूम झाले होते. सून रडत होती, मुलगा रिक्षा आणायला पळाला होता. हर्षाली बीपीचं मशीन घेऊन कठड्यावरून पलीकडे गेली. बीपी नॉर्मल. नाडी नॉर्मल. मग तिला आबांच्या बनियनवर राखाडी केस दिसले. छातीच्या बरोब्बर मधोमध, गोल.

भरीत पाण्याच्या टाकीवर बसून पंजा चाटत होतं.

हर्षालीनं आबांकडे पाहिलं. आबांनी हर्षालीकडे पाहिलं. आबा हळूच म्हणाले, "बेटा, आता सगळे उठलेत. अटॅकच राहू दे."

दुसऱ्या दिवशी आबांकडून केळ्यांचा अख्खा घड आला. हर्षालीनं जीव वाचवला म्हणून. गल्लीत अजूनही तिला मान आहे. आम्ही मात्र त्या रात्रीपासून भरीतला घेऊन परत खोलीत, कूलरपुढे.

*

सल्ले तर उदंड. झोपायच्या आधी मांजराला दमवा, असं कुणीतरी सांगितलं. ते काम जयश्रीला दिलं. तिनं दोरीला चिंधी बांधून भरीतला खोलीभर पळवलं. तासाभरानं मी आत गेले तर जयश्री हातात दोरी घेऊन पुस्तकावर आडवी पडून घोरत होती आणि भरीत तिच्यासमोर बसून वाट बघत होतं. पुढचा राउंड कधी?

आईला फोन केला तर ती धुळ्याहून म्हणाली, बरं झालं, तुला कुणीतरी उठवणारं मिळालं. पाड्यावर एका आजींना विचारलं, तुमच्याकडे मांजर पहाटे उठवतं तेव्हा काय करता? त्यांना प्रश्नच कळला नाही. मग त्या आपल्या सुनेला हाक मारून म्हणाल्या, "ऐक, ही बाई मांजराच्या नंतर उठते."

सून हसली, सगळा ओटा हसला. लवकर उठणारी माणसं जगात फार लाडकी आहेत. पण उशिरा उठणाऱ्यानं कुणाचं काय वाईट केलंय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी तिथेही वाद घातला. त्यांनी मला चहा दिला.

*

आखाजी आठवड्यावर आली तरी भरीत हटेना. दोन पावलं मागं गेलं की तीन पुढं. मला संशय आला. एका पहाटे मी एक डोळा किलकिला ठेवून पडले. पेला पडला. जयश्रीचा हात पांघरुणातून बाहेर आला. हातात दुधात बुडवलेला भाकरीचा तुकडा. भरीतनं तो आवाज न करता खाल्ला आणि हात परत आत गेला.

सकाळी मी खटला चालवला. फितुरी, विश्वासघात, सगळं काढलं. जयश्री शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझी परीक्षा आहे. मला झोप पाहिजे. तू तत्त्व पाळ, मी भाकरी देते."

तेव्हा हर्षाली पहिल्यांदा चिडली. परीक्षा पुन्हा येईल, ती म्हणाली, पण पारोळ्याच्या बाजारात कुत्र्यांनी घेरलेलं मांजर परत येणार नाही. पारोळा तिचं गाव, ते बाजारातले कुत्रे तिनं लहानपणापासून बघितले होते.

 त्या दिवसापासून भाकरीचा डबा आपल्या हाताला लागू नये म्हणून जयश्री स्वतःच रोज रात्री माझ्या उशाशी आणून ठेवायला लागली.

*

आणि मग ती पहाट आली. साडेचार वाजले, शांतता. पाच वाजले, शांतता. भरीत कूलरसमोर पाय वर करून झोपलेलं. आम्ही तिघी मात्र टक्क जाग्या. सवयच झाली होती. तिघीही उठून बसलो आणि त्याच्याकडे बघत राहिलो.

"इतकं गप कसं?" जयश्री कुजबुजली.

हर्षालीनं जाऊन त्याच्या नाकापुढे बोट धरलं. "श्वास चालूय."

सहाला अलार्म वाजला, तेव्हा भरीत उठलं, आळस दिला, आणि तीन बायका रांगेत बसून आपल्याला का बघताहेत म्हणून आमच्याकडे बघायला लागलं. नंतर रोज तसंच. नानांना कळवलं. ते म्हणाले, आखाजीलेच समजाई.

*

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी कविता आली. बाळ गाडीतून उतरल्यापासून रडत होतं. आजोबांनी घेतलं, रडलं. झोक्यावर बसवलं, रडलं. भरीत जिन्यावरून खाली आलं तसं बाळ गप्प झालं. त्याच्या शेपटीकडे बघत ते हसलं, दूध प्यायलं, झोपलं. नानांनी ते बघून ठेवलं.

आम्ही रात्री भरीतला वर आणून दार लावून घेतलं. उद्याच्या पहाटेवर सगळं होतं.

पहाटे मला आवाजानंच जाग आली. संपलं, म्हटलं. पण भरीत कूलरपुढे तसंच उताणं पडलेलं. आवाज खालून येत होता. बाळ सगळी गल्ली उठवत होतं. मग जिन्यावर पावलं वाजली आणि दारावर टकटक झाली.

दारात नाना. बनियनवर, केस विस्कटलेले.

"भरीत उठनं का?"

मी म्हटलं, नाही. झोपलंय.

"मंग उठाड ना त्याले. पोऱ्या गप ऱ्हाई नही ऱ्हायना."

मागून जयश्री आणि हर्षाली उठून आल्या. मी दाराच्या चौकटीत दोन्ही हात लावून उभी राहिले. म्हटलं, "नाना, सहाच्या आत आम्ही त्याला उठवत नाही."

आता हे ओरडणार, असं मला वाटलं. मीही तयारच होते. नानांनी माझ्या हाताखालून वाकून आत बघितलं. भरीतचं पोट वर-खाली होत होतं.  नाना वळले आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले.

खालून कविता ओरडली, "नाना, आणलं का?"

नानांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. झोपेल शे ते."