शेजाऱ्याचं टर्बो इंजिन

शेजाऱ्याच्या त्या चार सिलिंडरच्या टर्बो गाडीचा मला रागच यायचा. गोव्याहून सुसाट यायचं आणि अंगणात पोचल्यावरही इंजिन चालू ठेवून बसायचं! मी कुंपणावरून ओरडले, की तळहात बॉनेटवर ठेवून म्हणायचा, “टर्बो तापलेलो आसता गो. एकदम बंद केलो तर जळता.”

काल त्यानं गाडी माझ्याच फाटकाशी आणली आणि लगेच बंद केली.

“तुझो झील खंय आसा?” त्यानं माझ्या मुलाचं विचारलं.

“आत जेवता. कित्याक?”

“इन्सुलीच्या घाटात बाईक पडली हा. तुझ्या झिलासारखीच, लाल. पोराक लोकांनी आधीच हॉस्पिटलात न्हेल्यानी.”

मुलगा उष्ट्या हातानं दारात आला. शेजारी त्याच्याकडे नुसता बघत राहिला. मग गाडीत बसला, इंजिन पुन्हा सुरू केलं आणि ते निवेपर्यंत स्टिअरिंगवर डोकं टेकून राहिला.