गंध लावलेला पुरावा

मद्रासला भाषिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागेवर कॉलेजच्या प्रवेशासाठी मला मातृभाषा मराठी असल्याचा दाखला हवा होता. एग्मोरच्या कचेरीतल्या कारकुनाने जुना कागद मागितला. सोबत आलेल्या आत्याने ऐटीत पणजोबांची तंजावरची सनद काढली. दर दसऱ्याला पूजेत ठेवून, गंध-कुंकू लावून लावून तीन पिढ्यांनी तिच्यावर एक अक्षर शिल्लक ठेवलं नव्हतं! मी कपाळावर हात मारला.

कारकुनाने मात्र सनद डोळ्यांना लावली, बोटाला लागलेलं कुंकू स्वतःच्या कपाळी टेकवलं आणि म्हणाला, "घरातल्या मोठ्यांची साक्ष चालेल." आत्याने ती तिथेच दिली, तीही फर्ड्या तमिळमध्ये.

दाखला एकदाचा मिळाला. त्या दसऱ्याला मी उठायच्या आत आत्याने त्यावर ठसठशीत गंध लावलं होतं, नेमकं 'मराठी' या शब्दावर.