शरीरात कुठे धातू आहे का

आमच्या घरातले सगळे फॉर्म मी भरते. रेशनकार्डापासून पासपोर्टपर्यंत. भाऊ पेन शोधेपर्यंत माझं लिहून झालेलं असतं. लोक याला हुशारी म्हणतात, पण हा शुद्ध उतावळेपणा आहे. कुणी हळू बोलायला लागलं की त्याचं वाक्य मीच पुरं करते. बहुतेक वेळा बरोबर करते, त्यामुळे ही खोड मोडायची वेळच आली नाही.

बाबांची तर मी वकीलच. एका सकाळी चहाचा कप त्यांच्या डाव्या हातातून सुटला आणि तासभर त्यांची जीभ जड झाल्यासारखी झाली. मग सगळं पूर्ववत. डॉक्टरांनी तपासलं आणि दुसऱ्याच दिवशी मेंदूचा एमआरआय करायला सांगितलं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बाबांचा उजवा डोळा काचबिंदूने केव्हाच गेलाय. पेपर, टीव्ही, जिना, सगळं डाव्या डोळ्याच्या भरवशावर. त्यात आता डोक्याचं काही निघालं तर या माणसाने करायचं काय, हा विचार मुलुंडहून घाटकोपरला येईपर्यंत माझा पाठलाग करत होता.

सेंटर तळघरात होतं. काउंटरवरच्या बाईने दोन पानी फॉर्म हातात दिला. माझा फोन कानाला. ऑफिसात कुणालातरी एक फाइल सापडत नव्हती आणि ती कुठे आहे ते फक्त मलाच माहीत होतं. पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप आहे का, कानात यंत्र आहे का, शरीरात कुठे धातू आहे का, कधी गोळी किंवा छर्रा लागला आहे का. बाबांना छर्रा! मी फोनवर बोलता बोलताच 'नाही'च्या रकान्यात वरून खाली सरळ खुणा केल्या, खाली सही ठोकली आणि नात्याच्या जागी 'मुलगी' लिहिलं.

मग अंगावरचं उतरवणं सुरू झालं. घड्याळ, पट्टा, चष्मा, कवळी. कमरेचा करदोटा सोडायला बाबा तयार नव्हते, कारण त्यात गावच्या देवाचा तांब्याचा ताईत. "बाबा, देव लॉकरमध्ये ठेवला तरी देवच राहतो," मी म्हटलं. बाबांनी तो हातरुमालात गुंडाळून स्वतः आत ठेवला आणि लॉकर दोनदा ओढून पाहिला. मी घड्याळ बघत होते.

मशीन चालवणारी मुलगी तिशीची असेल. ती बाबांसमोर स्टुलावर बसली आणि अजिबात घाई न करता सांगायला लागली. "काका, आत मोठं चुंबक आहे. मशीन बंद दिसलं तरी ते चालूच असतं, म्हणून हे सगळं काढायला लावलं. वीसेक मिनिटं डोकं हलवायचं नाही. दुखणार काहीच नाही. आवाज खूप येईल, त्यासाठी कानात बोळे देते. हातात हा रबरी फुगा धरा. घाबरल्यासारखं झालं की दाबायचा, मी लगेच बाहेर घेते."

"आवाजाचा माका काय सांगतंस," बाबा म्हणाले. "बारा वर्सां कापडाच्या गिरणीत साच्यावर काढलंय."

"आणि गिरणी बंद झाल्यावर?"

"साकीनाक्याक. वर्कशॉपात, लेथवर."

"पण ते फार जुनं झालं हो," मी मध्ये घुसले, "आता त्याला तीसेक वर्षं..."

"ताई, तुम्ही नको. काकांना बोलू दे."

असं मला कुणी बरेच दिवसांत म्हटलं नव्हतं. मी चिडले. फॉर्म भरून दिलाय, मग ही पुन्हा का विचारते, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"काका, लोखंडाचं काम करताना डोळ्यात कधी काही गेलं होतं का?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागितल्यासारखं.

"एकदा कण गेल्लो," ते म्हणाले. "लोखंडाचो. ह्या डोळ्यात." आणि डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं.

तिने फॉर्म उलटला. तो प्रश्न दुसऱ्या पानावर होता, अगदी याच शब्दांत, आणि त्याच्यापुढे माझी 'नाही'ची खूण होती. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. "आधी डोळ्यांचा एक्स-रे काढू," ती बाबांना म्हणाली. "कण आत राहिला असेल तर चुंबक त्याला ओढेल. डोळाच जायचा."

एक्स-रे पाच मिनिटांत झाला. एकदा वर बघून, एकदा खाली बघून. पण तो बघणारे डॉक्टर दुसऱ्या कामात होते. मला बसवेना. मी वर रस्त्यावर जाऊन आले, पाणी पिऊन आले, भिंतीवरच्या आग विझवण्याच्या सूचना दोनदा वाचल्या. बाबा नाड्यांच्या गाऊनमध्ये बाकावर शांत बसले होते.

"कधी गेला होता कण? आम्हाला कसं माहीत नाही?" माझा आवाज चढलाच.

"सांगितलेलंय ना तुमका. डोळे इलेत म्हणून."

मला लख्ख आठवलं. मी दहा वर्षांची असेन. बाबा आठ दिवस काळा चष्मा लावून घरात होते. डोळे आलेल्याकडे बघितलं की आपलेही येतात, असं तेव्हा सगळे म्हणायचे. भावाने आणि मी त्याचा खेळच केला होता. बाबांसमोरून जाताना तोंडापुढे वही धरायची. जेवायला त्यांच्याकडे पाठ करून बसायचं. भाऊ चुकून जरी वळला तरी मी ओरडायचे, "बघितलंस, बघितलंस, आता तुझे येणार!" आणि बाबा चष्म्याआडून हसायचे. खरी गोष्ट बाबांनी आत्ता सांगितली: लेथवर घालायला मालकाने दिलेला गॉगल घामाने धुरकट व्हायचा, म्हणून त्यांनी तो कपाळावर चढवला होता. कण उडाला तेव्हा शेजारच्या लेथवाल्याने रुमालाच्या टोकाने काढला. निघाला असं दोघांना वाटलं.

"आईला तरी सांगायचंत."

"तिना परत लेथवर जावक दिल्यान नसता. आणि माका परत घरात बसूचा नव्हता."

गिरणी बंद झाल्यावर ते दोन वर्षं घरी बसून होते. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत, आणि आम्हीही विचारत नाही.

डॉक्टरांनी पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी लावले. डाव्या डोळ्यात, कडेला, रव्याच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. बुबुळ वर गेलं की ठिपकाही वर सरकत होता. "म्हणजे डोळ्यातच रुतलाय," ते म्हणाले. "इतकी वर्षं गप्प बसलाय, तसाच राहू दे. नेत्रतज्ज्ञांना मात्र दाखवून ठेवा. आणि एमआरआय यांचा कधीच करायचा नाही. आज तसेच आत गेले असते तर..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून त्यांनी सीटी स्कॅन केला. तो बघता बघता झाला. मेंदूत रक्ताच्या गुठळीने पडलेला एक लहानसा जुना डाग दिसला. गोळ्यांवर भागेल म्हणाले. एरवी हे ऐकून मी आनंदाने नाचले असते.

रिक्षात बसल्यावर मला राहवेना. "बाबा, मी फॉर्म भरत होते तेव्हा तुम्ही शेजारीच होतात ना? डोळ्याचं नुसतं सांगायचं होतं."

"सांगितलंय," बाबा म्हणाले. रागाने नाही, तक्रारीनेही नाही. "दोनदा. तू म्हणालंस, 'हो हो बाबा'."

मला हे आठवत नाही. कितीही आठवून पाहिलं तरी त्या वेळची फक्त ती ऑफिसातली फाइल आठवते. बाबांना खोटं बोलता येतं, तेही सलग आठ दिवस, हे मला नुकतंच कळलं होतं. पण हे खोटं नव्हतं. 'हो हो बाबा' मी त्यांना दिवसातून किती वेळा म्हणते, ते मला माहीत आहे.