आधी ऐब, मग चावी

करीमभाईंनी मला स्कूटर विकली ती तिची बदनामी करून. चेन्नईतल्या वेलचेरी स्टेशनमागं त्यांचं जुन्या दुचाक्यांचं दुकान होतं. एक पांढरी स्कूटर मला पाहताक्षणी आवडली. मी शाळेत शिकवते हे एव्हाना बोलण्यात येऊन गेलं होतं. ते म्हणाले, "टीचरम्मा, पहले इसका ऐब सुनो. चढाव पे हाँपती है. पिछला ब्रेक सुस्त है. अब तुम बोलो." गिऱ्हाइकानं गाडीच्या खोडी स्वतःच्या तोंडानं म्हणून दाखवल्याशिवाय चावी मिळायची नाही. रोज मुलांकडून पाढे म्हणून घेणारी मी, भर रस्त्यात त्या खोडी मुकाट्यानं म्हणाले.

इतरांशी ते तमिळ बोलत. मी तंजावरकडची मराठी आहे हे कळल्यापासून माझ्याशी मात्र घरची दखनी उर्दू सुरू झाली. दर गुरुवारी ते दर्ग्यात जात आणि तिथल्या त्यांच्या पीरांची शिकवण दुकानात आणत. "पीर बोले, गाहक के दिल में अल्ला बैठा रहता. उसकू फसाया तो किसकू फसाया?" एखादी गाडी सुरू होईना की किक मारता मारता म्हणत, "नफ्स भी ऐसाच है, रोज लात माँगता." नफ्स म्हणजे आपल्या आतला हावरट माणूस. त्याची तक्रार ते शेजाऱ्याची करावी तशी हसत करायचे.

एका पावसाळ्यात वेलचेरीत पाणी भरलं आणि दुकानातल्या सगळ्या गाड्या हँडलपर्यंत बुडाल्या. त्यांचा मेहुणा अन्वर दुकानात भागीदार होता. तो म्हणाला, "धुलाके पॉलिश मारेंगे, भाई. किसकू मालूम पडता?" करीमभाईंनी निळ्या रंगाचा डबा आणला आणि जिथवर पाणी चढलं होतं तिथं प्रत्येक गाडीवर रेघ ओढली. त्यांची स्वतःची स्कूटरही सुटली नाही.

मला खरंच राग आला. त्यांची मुलगी नसरीन कॉलेजात शिकत होती, सगळं घर त्या दुकानावर चालायचं. "भाई, तोंडानं सांगा की. रंगवता कशाला?"

"मैं बोलना भूल गया तो? नफ्स की याददाश्त बहोत कच्ची है, टीचरम्मा."

श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांत कामाला जाणारी पोरं हे त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक. रेघ दिसली की ती पुढच्या दुकानात जात. अन्वर वेगळा झाला. अर्धी जागा सोडावी लागली. गाड्या पडत्या भावात हळूहळू खपल्या, पण फसवलं म्हणून भांडायला कुणी आलं नाही. उरलेल्या जागेत करीमभाई पूर्वीसारखेच खुशीत बसलेले असत. "झाडू मारने कू आराम हुआ," म्हणायचे.

गेल्या वर्षी ते गेले. फार आठवण येते त्यांची. दुकान आता नसरीन चालवते. माझी पांढरी स्कूटर थकली तेव्हा मी तिच्याकडे निळ्या रेघेची, करीमभाईंची गाडी मागितली. तिचे डोळे भरून आले, पण चावी मुठीतच राहिली.

"हॉर्न कभी बजता, कभी नहीं. ब्रेक ढीला है. और पानी में डूबी हुई है. बोलो, टीचरम्मा."

मी हॉर्न सांगितला, ब्रेक सांगितला. आणि चावीसाठी हात पुढे केला.

"और?" नसरीन म्हणाली. अगदी वडिलांच्या सुरात.

"पाण्यात बुडालेली आहे," मी म्हणाले.

तिनं चावी दिली. दोन लाथा घातल्यावर गाडी सुरू झाली.