उघडं दार आणि नवा हब

जुन्या हबची कंपनी बंद पडल्याचं कळलं तेव्हा पहिला विचार आईचा आला. आई सौंसरला एकटी राहते, मी पांढुर्ण्याला नगरपालिकेत नोकरी करते. मागच्या वर्षी ती न्हाणीत घसरून पडली आणि शेजारची काकू येईपर्यंत तशीच पडून होती. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. घरातल्या दिव्यांची, दाराची खबर मला फोनवर देणारा तो पांढरा डब्बा, म्हणजे हब, त्यासाठीच बसवला होता. तोच आता मुका झाला होता.

रविवारी नवा हब घेऊन गेले. बसवायला माणूस बोलाव, असं भाऊ फोनवर सांगत होता, पण मी कुणाला बोलावणार नव्हते. जुने सेन्सर नव्या हबशी जोडता जोडता संध्याकाळ झाली. स्वयंपाकघरातला दिवा काही केल्या ऐकेना, आणि मीही हट्टाला पेटलेली. शेवटी तो लागला आणि मी मोठ्या ऐटीत बस पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन कोकलायला लागला. दार उघडं आहे. दार अजून उघडं आहे. तिकडे घरात हबही तेच ओरडत होता. आमच्याकडे सडा टाकायला पहाटे उघडलेलं दार रात्रीची जेवणं झाल्यावरच लागतं, हे त्याला कोण सांगणार? दुपारी सगळं एकदम गप्प झालं. आईने हबची पिन काढून त्याला तांदळाच्या कोठीत टाकलं होतं.

नव्या हबच्या कंपनीला फोन केला, तर आईंना दार लावून घ्यायला सांगा, असं तिथल्या बाईने सुचवलं. मीही शहाणी, सांगून पाहिलं.

"दिवसा दार लावलं तं लोकं धावत येतीन, बुढीले काय झालं म्हणून," आई म्हणाली.

मी चमकले. ती पडली त्या दिवशी काकू आली होती, तीही बंद दार पाहूनच. पुढच्या रविवारी मी हबला कोठीतून काढलं, त्याचा सगळा आरडाओरडा बंद केला आणि एकच काम दिलं: सकाळी ठरल्या वेळेपर्यंत दार उघडलं नाही, तरच मला सांगायचं. त्याला हे उलटं काम पटवायला माझा अख्खा दिवस गेला, पण पटवलं.

मग मी निर्धास्त झाले. महिनाभर सौंसरला फिरकले नाही. रोज सकाळी फोन गप्प असला की जेवणाचा डबा घेऊन कामावर जायची.

एका सकाळी फोन वाजला. दार उघडलं नव्हतं. आई फोन उचलेना, काकू जामसांवलीला दर्शनाला गेलेली. बसमध्ये मी लोकांसमोर रडले. घरी पोचले तर दार खरंच बंद होतं. मी दोन्ही हातांनी बडवलं.

आईने दार उघडलं. धुतलेलं लुगडं, नीट विंचरलेले केस, आत चुलीवर चहा.

"पाहून राहिली होती, वाजते का तुहा डब्बा," ती म्हणाली.

मी खूप बोलले, नको तेही बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कप माझ्या हातात दिला.

"दार लावलं तं येते तू. उघडं असलं तं बी येत जाय कधी."